स्वप्नांचा सातबारा कोणाच्या नावावर?

मार्च २००९ मध्ये, एकाच आठवड्यात, अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या संबंधात दोन घटना घडल्या. न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात १७ मार्च रोजी 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' या विज्ञानकल्पित मालिकेचे निर्माते व कलावंत मानवी हक्क, दहशतवाद आणि युद्धात सापडलेली मुले या विषयांवर चर्चा करण्यासाठी बसले. करमणुकीच्या मालिकेच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. आणि त्याच आठवड्यात ही मालिका दाखविणाऱ्या 'सायफाय' वाहिनीच्या चालकांनी जाहीर केले की, आपल्या वाहिनीचे नाव आम्ही बदलीत आहोत. नवे नाव कोणते? तर 'सायफाय'! मराठी वाचकाला ही थट्टा वाटेल, कारण देवनागरीत लिहू गेल्यास जुन्या आणि नव्या नावात काडीचाही फरक दिसत नाही. उच्चार तोच, रोमन अक्षरे तेवढी मोडूनतोडून बसविलेली. ७ जुलै २००९ पासून ही मोडकी अक्षरे वाहिनीच्या माथ्यावर चढली.

या खटाटोपाचे कारण चालकांनी स्वतःच सांगितले आणि ते प्रांजळ होते. जुना शब्द एका संपूर्ण साहित्यप्रकाराचे नाव होता. फॉरेस्ट अॅकरमन या चाहत्याने तो १९५० च्या दशकात रूढ केला आणि साऱ्या जगाने तो फुकट वापरला. जो शब्द सर्वांचा, त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी होत नाही. आणि ज्याची नोंदणी होत नाही त्यावर मालकी सांगता येत नाही. गायरानाला कुंपण घालता येईना, तेव्हा गायरानाचे नावच असे फिरविले की ते खाजगी शेत वाटावे. या नव्या अक्षरांचा पोलिश बोलीतील अर्थ 'घाण' असा होतो आणि म्हणून पोलंडमध्ये जुन्याच नावाचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट हसण्यासारखी खरी. पण आमचा मुद्दा हसण्याचा नाही. मुद्दा मालकीचा आहे.

अमेरिकेतील एका केबल वाहिनीच्या इतिहासाशी आपणांस काय करावयाचे आहे, असे काही कार्यकर्ते विचारतील. त्याहून कडवे असतील ते म्हणतील की, यानांच्या आणि परग्रहवासीयांच्या या कथा म्हणजे पोट भरलेल्यांचे पलायन; भाकरीचा लढा लढणाऱ्याने त्यांकडे पाहू नये. ही भूमिका दिसते कणखर, पण ती आळसातून आलेली आहे. आज आहे ते उद्या असेलच असे नाही, हे सांगणारे जे काही साहित्यप्रकार आहेत त्यांत विज्ञानकथेचे स्थान मोठे आहे. आणि आज आहे ते उद्या असेलच असे नाही, ही समाजवादाचीही पहिली ओळ आहे. ज्याला वेगळा उद्या कल्पिता येत नाही, त्याला आजचा मालक अटळ वाटू लागतो. म्हणूनच ही कल्पनाशक्ती कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न भाकरीच्या प्रश्नापासून तोडता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या उपग्रहांच्या आधारे अशा वाहिन्या घरोघरी पोहोचतात, त्यांची कल्पनाच मुळी एका विज्ञानकथालेखकाने तपशीलवार मांडली होती. पृथ्वीवरून स्थिर भासणाऱ्या कक्षेत तीन उपग्रह ठेवले तर जगभर प्रक्षेपण करता येईल, हे आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली 'वायरलेस वर्ल्ड' या नियतकालिकात लिहिले. त्या कल्पनेचे एकस्व त्यांनी घेतले नाही. पुढे तीस वर्षांनी, १९७५-७६ साली, आपल्या देशात 'साइट' प्रयोग झाला. अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम पोहोचविले गेले. कल्पना मोकळी होती आणि तिचा एक मोठा उपयोग अशा खेड्यांसाठी झाला की ज्यांनी पूर्वी दूरचित्रवाणीचा पडदाही पाहिला नव्हता. त्याच कल्पनेचे पुढे काय केले गेले, हे या वाहिनीच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

आरंभ वाईट नव्हता. मिचेल रुबेन्स्टाइन व लॉरी सिल्व्हर्स या फ्लॉरिडातील दांपत्याने १९८९ च्या सुमारास या वाहिनीची कल्पना मांडली. सल्लागार म्हणून आयझॅक आसिमोव्ह आणि 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडनबेरी यांची नावे होती. दोघांनाही उद्घाटन पाहता आले नाही. रॉडनबेरी ऑक्टोबर १९९१ मध्ये व आसिमोव्ह एप्रिल १९९२ मध्ये निवर्तले. २४ सप्टेंबर १९९२ रोजी वाहिनी सुरू झाली ती या दोघांच्या स्मृतीस अर्पण करून. पहिला चित्रपट दाखविला गेला तो 'स्टार वॉर्स'. पण पडदा उघडण्यापूर्वीच व्यवहार झालेला होता. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात पॅरामाउंट व एमसीए या दोन चित्रपट कंपन्यांच्या सामाईक मालकीच्या 'यूएसए नेटवर्क्स'ने ती कल्पना विकत घेतली होती. स्वप्न पाहणाऱ्यांच्या नावाने उद्घाटन आणि विकत घेणाऱ्यांच्या नावाने सातबारा, अशी ही पहिली नोंद.

त्या सातबाऱ्यावरील पुढचे फेरफार पाहावेत. एमसीए त्या वेळी मात्सुशिता या विद्युत उपकरणे बनविणाऱ्या जपानी कंपनीकडे होती. १९९५ मध्ये तिचा मोठा हिस्सा सीग्रॅम या कॅनडातील मद्य कंपनीने घेतला. पॅरामाउंट १९९४ मध्ये व्हायाकॉमच्या हाती गेली होती. दोन्ही भागीदारांत कोर्टकचेरी झाली आणि १९९७ मध्ये सीग्रॅमने दुसऱ्याचा अर्धा वाटाही घेतला. लगेच १९९८ मध्ये ही मिळकत घरबसल्या खरेदीची वाहिनी चालविणाऱ्या बॅरी डिलर यांच्या कंपनीकडे गेली. २००२ मध्ये ती आली व्हिव्हांदीकडे, म्हणजे एकोणिसाव्या शतकात पाणीपुरवठ्याचा मक्ता घेण्यासाठी निघालेल्या एका फ्रेंच कंपनीच्या वारसाकडे. २००४ मध्ये मालक झाली जनरल इलेक्ट्रिक, जी विजेचे दिवे आणि लढाऊ विमानांची इंजिने बनवीत असे. २०११ मध्ये ती कॉमकास्ट या केबल कंपनीच्या नियंत्रणाखाली गेली. विजेची उपकरणे, दारू, घरपोच दागिने, पाणी, लढाऊ इंजिने आणि केबलची तार! वीस वर्षांत एवढ्या मालकांनी ही जमीन पाहिली आणि त्यांपैकी एकालाही तीत काय पिकते याच्याशी कर्तव्य नव्हते. प्रत्येकाचा प्रश्न एकच: खंड किती येतो?

खंड वाढवावयाचा तर पीक बदलावे लागते. विज्ञानाचे नाव मिरविणाऱ्या या वाहिनीवर नव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत कोणता कार्यक्रम लोकप्रिय होता? जॉन एडवर्ड नामक गृहस्थ प्रेक्षकांच्या दिवंगत आप्तांशी आपण संवाद साधतो असा दावा करीत, आणि तो दावा कॅमेऱ्यासमोर नित्य साजरा होई. २००४ पासून बारा वर्षे 'घोस्ट हंटर्स' चालला. त्याचे दोन नायक दिवसा प्लंबरचे काम करीत आणि रात्री उपकरणे घेऊन भुते शोधीत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ज्यांनी उन्हातान्हात गावे पालथी घातली, त्यांना याचा अर्थ उलगडून सांगावा लागणार नाही. भूत गावच्या वडाखाली असले की ते मागासलेपण. मोजणीयंत्र घेऊन अमेरिकेत शोधले की तो विज्ञानाच्या वाहिनीवरील कार्यक्रम! २००६ पासून तेथे व्यावसायिक कुस्ती आली. २०१० मध्ये तिचा आणखी मोठा कार्यक्रम आला आणि तो २०१५ पर्यंत राहिला. ज्यात निकाल आधी ठरतो त्या कुस्तीचा परग्रहांशी संबंध काय, हे विचारणारा प्रेक्षक वेडा ठरला. आडात होते ते पोहऱ्यात आले. आड नफ्याचा होता.

याला एक ठरलेले उत्तर असते: लोकांना हेच हवे असते. बाजाराच्या भाटांचे हे ब्रह्मवाक्य आहे आणि आपल्यातीलही काही जण मान डोलावून ते स्वीकारतात. म्हणून ते जरा तपासून पाहू. या धंद्यात प्रेक्षक हा गिऱ्हाईक नाहीच. गिऱ्हाईक आहे जाहिरातदार. प्रेक्षक हा माल आहे, जो दर तासाला मोजून जाहिरातदाराच्या पदरात घालावयाचा असतो. वाहिनीचे दुसरे उत्पन्न केबलच्या एकत्रित वर्गणीतून येई. म्हणजे ज्याने ही वाहिनी कधी उघडली नाही त्याच्याही खिशातून. अशा व्यवस्थेत 'लोकांना काय हवे' हे विचारले जाते, असे म्हणणे म्हणजे कोंबड्यांना कोणती आमटी आवडते हे खाटकाने विचारले असे म्हणणे होय.

२००२ चे उदाहरण घ्यावे. 'फारस्केप' ही ऑस्ट्रेलियात चित्रित होणारी मालिका चार पर्वे चालली होती आणि पाचवे पर्व होणार असे आधी सांगितले गेले होते. त्या सप्टेंबरात ती बंद करण्यात आली. प्रेक्षकांनी पत्रे लिहिली, मोहिमा काढल्या, पदरचे पैसे खर्चून मालिकेचा प्रचार केला. त्या चळवळीच्या रेट्याने २००४ मध्ये कथेचा शेवट करणारी एक छोटी मालिका निघाली. लोकांना काय हवे होते हे येथे लोकांनी ओरडून सांगितले. वाहिनीने मात्र ऐकले नाही. त्याच सुमारास वाहिनीच्या आश्रयाने एलेन डॅटलो यांच्या संपादनाखाली नव्या विज्ञानकथा फुकट वाचावयास मिळत होत्या. त्यांतील कथांनी नामांकित पुरस्कार मिळविले. २००५ अखेर तो उपक्रमही गुंडाळला गेला. लढाऊ इंजिने विकणाऱ्या मालकाला काही कथांचे मानधन जड झाले!

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यावयास हवा. याच वाहिनीने 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' दिली ना? दिली. २००३ च्या डिसेंबरात लघुमालिका म्हणून आरंभ झालेली आणि २००४ ते २००९ चाललेली ही कृती अमेरिकन दूरचित्रवाणीतील अत्यंत धीट कृतींपैकी एक होय. इराकमध्ये अमेरिकेची फौज असताना, २००६ साली, या मालिकेने असे दाखविले की परकीय फौजेच्या ताब्यात सापडलेली माणसे, म्हणजे ज्यांच्या बाजूने प्रेक्षक उभा आहे तीच माणसे, अंगाला स्फोटके बांधून शत्रूवर जातात. हे पाहून अमेरिकन प्रेक्षकाला क्षणभर बगदादच्या रस्त्यावर उभे राहावे लागले. वृत्तवाहिन्यांना जे साधले नाही ते कल्पित कथेने साधले.

फेब्रुवारी २००७ मधील एका भागाचा तर आपल्या कार्यकर्त्यांनी अभ्यासच करावा. मानवजातीचे उरलेसुरले जहाजांचे तांडे अंतराळात भटकत आहेत. त्यांना लागणारे इंधन शुद्ध करणाऱ्या जहाजावर मजूर विश्रांतीविना राबतात, मुलेही राबतात, आणि बापाचे काम मुलाच्या कपाळी लिहिले जाऊ लागते. जन्मावरून श्रम ठरणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला परग्रहावरून कोणी सांगावयास नको. कामगारांचा नेता संप पुकारतो. सेनापती त्याच्या बायकोला गोळी घालण्याची धमकी देतो. संप मागे घेतला जातो आणि मग वाटाघाटीत थोडे पदरात पडते. आणीबाणीच्या नावाखाली श्रमिकाकडून सर्व त्याग मागावयाचा आणि त्यागाचा हिशेब मात्र कोणी विचारावयाचा नाही, हे सत्ताधाऱ्यांचे जुने गणित इतक्या स्वच्छपणे फार थोड्यांनी मांडले आहे.

पण पडद्यावर संपाची कथा दाखविणारी कंपनी पडद्यामागे कशी वागली? २००६ मध्ये या मालिकेचे दहा छोटे भाग इंटरनेटसाठी तयार करण्यात आले. ही निव्वळ जाहिरात आहे असे म्हणून कंपनीने लेखकांना त्यासाठी वेगळा मोबदला व श्रेय देण्यास नकार दिला. मालिकेचे सूत्रधार रोनाल्ड मूर यांनी त्याला विरोध केला. प्रश्न दहा भागांचा नव्हता; उद्याचे सारे प्रक्षेपण ज्या मार्गाने होणार, त्या मार्गावर लेखकाचा हक्क आहे की नाही, हा होता. ५ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेतील पडद्यासाठी लिहिणाऱ्या लेखकांच्या संघाने संप पुकारला, तेव्हा हाच प्रश्न अग्रभागी होता. या मालिकेचेही काम थांबले आणि शेवटच्या पर्वाचे दोन तुकडे झाले. संप फेब्रुवारी २००८ पर्यंत टिकला आणि इंटरनेटवरील कामाचा मोबदला कंपन्यांना मान्य करावा लागला. चांगली कृती त्या वाहिनीवर निर्माण झाली ती मालकाच्या उदारपणामुळे नव्हे, कसणाऱ्यांच्या हिंमतीमुळे. आयजीच्या जिवावर बायजी उदार, म्हणून बायजीचा सत्कार करण्याचे कारण नाही.

जेथे कसणाऱ्याला हिंमत दाखविण्याचीही सोय नव्हती, तेथे काय घडले ते उर्सुला ले ग्विन यांना विचारावयास हवे होते. त्यांच्या 'अर्थसी' कादंबऱ्यांतील नायक तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे. त्या जगातील बहुसंख्य माणसे गोरी नाहीत. कल्पित जगाचे धनी गोरेच असले पाहिजेत ही रूढी मोडण्यासाठी लेखिकेने हे जाणूनबुजून केले होते. डिसेंबर २००४ मध्ये वाहिनीने त्यावर लघुमालिका काढली आणि नायक गोरा केला. सल्लागार हे बिरुद लेखिकेला मिळाले होते. निर्णयात वाटा मिळाला नव्हता. त्यांनी जाहीर लेख लिहून आपल्या जगाला पांढरा रंग फासल्याचा निषेध केला. रंगभेदाचा कायदा करावा लागला नाही, कोणी शिवी दिली नाही. करारपत्रातील एका कलमाने ते काम झाले. पुढे २०१४ मध्ये एका सन्मानाच्या प्रसंगी याच लेखिकेने सांगितले की, भांडवलशाहीतून सुटका नाही असे आज वाटते, पण राजांच्या ईश्वरदत्त अधिकाराविषयीही कधीकाळी असेच वाटत होते. हे वाक्य विज्ञानकथेच्या लेखिकेला सुचावे यात आश्चर्य नाही. उद्या वेगळा असू शकतो, हा तिचा रोजचा व्यवसायच होता.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण मात्र 'एक्स्पान्स'चे. डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत लघुग्रहांच्या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्या मजुरांची कथा आहे. पृथ्वी आणि मंगळ यांच्यासाठी ते खनिज खणतात, बर्फ वाहून आणतात. त्यांना मात्र हवा आणि पाणीदेखील मोजून मिळते. अल्प गुरुत्वाकर्षणात वाढल्याने त्यांची हाडेही वेगळी झाली आहेत. शोषण शरीरावर कसे लिहिले जाते, याची याहून नेमकी प्रतिमा सापडणे कठीण. मे २०१८ मध्ये वाहिनीने ती बंद केली. तिच्याकडे होते फक्त अमेरिकेत प्रथम प्रक्षेपणाचे हक्क. सबब ठरल्या वेळी पडद्यासमोर बसून जाहिराती पाहणारा तेवढाच प्रेक्षक मोजला गेला. इतरत्र, इतर मार्गांनी पाहणारे हिशेबात नव्हतेच. चाहत्यांनी मोहीम उघडली, फलक लावलेले विमानही उडविले. आणि त्याच महिन्यात लॉस एंजेलिस येथील अंतराळविषयक परिषदेत जेफ बेझोस यांनी जाहीर केले की, 'अॅमेझॉन' ही मालिका वाचवीत आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या वाजविणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. पण काय घडले ते पाहावे: हवा-पाण्यासाठी मालकाच्या तोंडाकडे पाहणाऱ्या मजुरांची कथा जगातील सर्वांत धनाढ्य माणसाच्या मर्जीने जगली. अखेरचा भाग जानेवारी २०२२ मध्ये दाखविला गेला. त्याच वर्षी १ एप्रिल रोजी न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड येथील त्याच कंपनीच्या गोदामातील कामगारांनी मतदान करून आपली संघटना स्थापन केल्याचा निकाल लागला. आणि कंपनीने त्या निकालालाच आव्हान दिले. पट्ट्यातील मजुरांचा बंडखोरपणा पडद्यावर विकावयाचा आणि गोदामातील मजुरांची संघटना मात्र नाकारावयाची! भांडवलाला विद्रोहाचे वावडे नसते. विद्रोह माल असेपर्यंत त्याला तो प्रियच असतो. विद्रोहाने मालकी मागितली की प्रेम आटते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कॉमकास्टने जाहीर केले की आपल्या बहुतेक केबल वाहिन्या, आणि त्यांत हीही, वेगळ्या कंपनीत काढून टाकावयाच्या; त्या कंपनीला पुढे 'व्हर्सन्ट' हे नाव देण्यात आले. वाढत्या धंद्याची इंटरनेट सेवा स्वतःकडे आणि ओसरत्या केबलचा तुकडा बाजूला, अशी ही वाटणी. जमीन नापीक झाली की जमीनदार तिच्यावर पाणी सोडतो. नापीक कोणी केली, हे विचारावयाचे नसते.

मग आमचा आग्रह कशाचा? वाहिनी सरकारने चालवावी, एवढ्याने भागेल असे आम्ही म्हणणार नाही. 'साइट' प्रयोग सुरू झाला तो आणीबाणी पुकारल्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी. सरकारी पडदा सत्तेचा भोंगा कसा होतो, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगावयास नको. बीबीसीसारख्या सार्वजनिक संस्थेनेही 'डॉक्टर हू' या आपल्याच मालिकेचे जुने भाग पुसून टाकले आणि १९८९ मध्ये ती बंद केली. तरीही तिचे पुनरुज्जीवन २००५ मध्ये त्याच सार्वजनिक संस्थेने केले, आणि 'सायफाय'ने ती मालिका २००६ मध्ये तेथून आणून दाखविली, हेही नोंदवून ठेवावे. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. 'सायफाय' सुरू झाल्यानंतर आठच दिवसांनी, २ ऑक्टोबर १९९२ रोजी, आपल्याकडे 'झी'चे प्रक्षेपण सुरू झाले होते. त्यानंतर शेकडो वाहिन्या आल्या. न्यायालयाने सांगितलेली ती मालमत्ता मात्र सार्वजनिक हाती आली नाही. तो निर्णय कागदावर राहिला, कारण त्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. आपणही काढला नाही.

ही आपली चूक होती. गिरणी कोणाची, जमीन कोणाची, पाणी कोणाचे, हे प्रश्न आपण विचारले. कथा कोणाची, हा प्रश्न करमणुकीचा म्हणून सोडून दिला. तो यापुढे सोडता येणार नाही. सरकार व बाजार या दोहोंपासून स्वतंत्र असे सार्वजनिक प्रक्षेपण, लेखक-तंत्रज्ञांच्या बळकट संघटना, आणि आपण निर्मिलेल्या कृतीच्या विरूपणास नकार देण्याचा निर्मात्याचा अबाधित हक्क, या तीन मागण्या आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर आल्या पाहिजेत. 'कसेल त्याची जमीन' असे म्हणत एका पिढीने सातबारे बदलून घेतले. ते अर्जविनंत्यांनी बदलले नव्हते. उद्याचे जग ज्या स्वप्नांत घडते, त्या स्वप्नांच्या सातबाऱ्यावर आज दारूवाल्यांची, इंजिनवाल्यांची आणि गोदामवाल्यांची नावे आहेत. कुळांची नोंद अजून व्हावयाची आहे.